डाग आणि धग: हृदयातला दाह एमआरआय आणि पेट स्कॅन मिळून कसा शोधतात

अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. तरीही चाळिशीतला माणूस घेरी येऊन पडतो, ईसीजीवर हार्ट ब्लॉक (हृदयातली वीज वाटेत अडणे) दिसतो, किंवा बसल्या जागी ठोके मिनिटाला १८० वर जातात. अशा वेळी संशय रक्तवाहिन्यांवरून उठून थेट हृदयाच्या स्नायूवर येतो. तिथे दाह तर नाही ना?

दाह म्हणजे प्रतिकारपेशी एखाद्या जागी जमून जी लढाई चालवतात ती. हृदयाच्या स्नायूत ती दोन तऱ्हांनी दिसते. मायोकार्डायटिस बहुधा विषाणूसंसर्गानंतर होतो. छातीत दुखते, रक्तातले ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारे प्रथिन) वाढते आणि बरेच रुग्ण काही आठवड्यांत सावरतात. सार्कॉइडोसिसची चाल वेगळी आणि चिवट असते. त्यात प्रतिकारपेशींचे लहान लहान पुंजके तयार होतात, ज्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. ते फुप्फुसात, लसिकाग्रंथींत, डोळ्यांत होतात आणि काहींच्या हृदयातही. हृदयातल्या विजेच्या वाटेवर असा पुंजका बसला की ठोका अडतो किंवा भरकटतो. आपल्याकडे या यादीत क्षयरोगही धरावाच लागतो, कारण तोसुद्धा ग्रॅन्युलोमाच बनवतो.

मग स्नायूचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली का पाहत नाहीत? पाहतात, पण सार्कॉइडचे पुंजके विखुरलेले असतात. कॅथेटर हृदयाच्या उजव्या कप्प्यात नेऊन एक-दोन मिलिमीटरचे तुकडे घेतले, तरी आजार असूनही चारपैकी जेमतेम एका रुग्णात पुंजका हाती लागतो. म्हणून बाहेरून चित्र काढण्याला इतके महत्त्व आहे. त्यातही एका चित्राने भागत नाही. एमआरआय स्नायूवरचा डाग दाखवतो, तर पेट स्कॅन तिथली धग. डाग जुना असू शकतो आणि धग खोटी असू शकते. दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवली की या दोन चुका बऱ्याच अंशी पकडता येतात.

एमआरआय काय पाहतो

हृदयाच्या एमआरआयला ४५ ते ६० मिनिटे लागतात. छातीवर ईसीजीच्या पट्ट्या लावतात आणि ठोक्याच्या ठरावीक क्षणी चित्र टिपतात. दर वेळी १० ते १५ सेकंद श्वास रोखावा लागतो. ठोके अनियमित असतील किंवा श्वास टिकत नसेल तर चित्र हलते. त्यामुळे धाप लागलेल्या रुग्णाला आधी औषधांनी स्थिर करून मग मशीनमध्ये नेणे शहाणपणाचे.

यात दोन गोष्टी शोधतात. पहिली म्हणजे पाणी. दाहाने स्नायूत पाणी साचते, आणि टी२ नावाच्या मोजणीत ती जागा उठून दिसते. दुसरी म्हणजे स्नायूची इजा. हातातल्या शिरेतून गॅडोलिनियमचे इंजेक्शन देतात. मात्रा वजनावर ठरते, किलोमागे ०.१ ते ०.२ मिलिमोल. हे द्रव्य जिवंत पेशीच्या आत शिरत नाही, पेशींमधल्या फटीत फिरून निघून जाते. जिथे पेशी मेल्या आहेत किंवा व्रण झाला आहे तिथे फट मोठी असते, त्यामुळे ते तिथे रेंगाळते. इंजेक्शननंतर १० ते १५ मिनिटांनी काढलेल्या चित्रात निरोगी स्नायू काळा आणि इजा झालेली जागा पांढरी दिसते. अहवालात याला एलजीई म्हणतात.

पांढरा डाग कुठे आहे यावरून अर्धे निदान होते. हार्ट अटॅकचा डाग भिंतीच्या सर्वांत आतल्या थरापासून सुरू होतो आणि एका रक्तवाहिनीच्या हद्दीत राहतो. मायोकार्डायटिसचा डाग बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या थरात असतो, विशेषतः डाव्या कप्प्याच्या खालच्या-बाजूच्या भिंतीत. सार्कॉइडला दोन कप्प्यांमधल्या पडद्याचा वरचा भाग जास्त मानवतो. तिथला डाग कधी कधी उजव्या कप्प्याच्या भिंतीकडे आकड्यासारखा वळलेला दिसतो. मात्र उजवा कप्पा पडद्याला जिथे जोडला जातो तिथले बारीकसे पांढरे ठिपके अनेक कारणांनी येतात. तेवढ्यावरून सार्कॉइडचा शिक्का मारू नये.

मायोकार्डायटिससाठी लेक लुईस निकष वापरतात. २०१८ मध्ये ते सुधारले गेले. त्यानुसार पाणी दाखवणारा एक पुरावा आणि इजा दाखवणारा एक पुरावा, असे दोन्ही मिळाले तर निदान भक्कम धरतात. छातीत नुकतेच दुखू लागलेल्या तरुणाच्या एमआरआयवर असे स्पष्ट चित्र आले, तर पेटची गरज सहसा नसते. तो खर्च आणि किरणोत्सर्ग वाचवावा.

अडचण येते ती रेंगाळलेल्या, ठिपक्याठिपक्यांच्या दाहात. पांढरा डाग कालचा की पाच वर्षांपूर्वीचा, हे एलजीई सांगत नाही. टी२ने सांगायला हवे, पण दाह मंद आणि विखुरलेला असेल तर पाण्याची खूण पुसट होते. राखेच्या ढिगाकडे नुसते पाहून आत निखारा आहे की नाही हे कळत नाही, त्यातलाच प्रकार. हात धरून ऊब पाहावी लागते.

पेट स्कॅन, आणि त्याआधीचे ताट

ती ऊब पेट पाहतो. एफडीजी ही ग्लुकोजसारखीच साखर असते आणि तिला किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेले असते. या फ्लोरिनचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे आहे. दाहाच्या पेशी भुकेल्या असतात. त्या ही साखर ओढून घेतात, पण पुढे जाळू शकत नाहीत. साखर पेशीत अडकते आणि ती जागा चित्रात उजळते.

गोम अशी की निरोगी हृदयसुद्धा साखर खाते. जेवण झाले की इन्सुलिन वाढते, स्नायूपेशींची साखरेची दारे उघडतात आणि सगळे हृदय उजळून निघते. त्या झगमगाटात दाहाचा ठिपका हरवतो. मात्र हृदयाकडे दुसरे इंधनही आहे: चरबी. पोटात पिष्टमय काहीच गेले नाही, इन्सुलिन खाली राहिले आणि रक्तात स्निग्धाम्ले वाढली, की हृदय साखर सोडून चरबीवर चालते. दाहाच्या पेशींची दारे इन्सुलिनवर अवलंबून नसल्याने त्या साखर ओढतच राहतात. हृदय अंधारात आणि दाह उजेडात, असे चित्र तेव्हाच मिळते. ही तपासणी सर्वांत जास्त वेळा बिघडते ती मशीनमध्ये नाही, आदल्या दिवशीच्या ताटात.

अमेरिकेतल्या न्यूक्लिअर मेडिसिन आणि न्यूक्लिअर कार्डिओलॉजीच्या संघटनांनी २०१७ मध्ये संयुक्तपणे दिलेला सल्ला असा: आदल्या दिवशी किमान दोन जेवणे अशी घ्यावीत की प्रत्येकात ३५ ग्रॅमपेक्षा जास्त चरबी आणि ३ ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदके असतील. त्यानंतर ४ ते १२ तास उपाशी राहावे. हे जमत नसेल तर १८ तासांहून जास्त उपाशी राहावे. बरीच केंद्रे दोन्ही एकत्र करतात, म्हणजे तुपातेलाची जेवणे आणि रात्रभराचा उपास. काही ठिकाणी त्याहून लांब तयारी करून घेतात. आपल्या केंद्राने दिलेला कागद प्रमाण मानावा.

३ ग्रॅम म्हणजे किती थोडे, हे आपल्या स्वयंपाकघरात मोजून पाहू. एका पोळीत १५ ते २० ग्रॅम कर्बोदके असतात. वाटीभर भातात ३० ग्रॅमच्या आसपास. अर्धा कप दुधात सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे बिनसाखरेच्या दुधाच्या चहानेही हद्द ओलांडली जाते. मूठभर शेंगदाणे, चमचाभर बेसन, आमटीतली डाळ, कांदा-खोबऱ्याचे वाटण, माशाला लावलेला रवा किंवा तांदळाचे पीठ, कोंबडीला चोळलेले दही हे सगळे वर्ज्य.

मग खायचे काय? मोठे दोन चमचे तूप आणि तीन अंडी घेतली तर ४० ग्रॅमच्या आसपास चरबी होते आणि कर्बोदके जेमतेम दीड-दोन ग्रॅम. मीठ, हळद, तिखट लावून भरपूर तेलात तळलेली, रवा न लावलेली सुरमई किंवा बांगडा चालतो. तुपातेलात परतलेली कोंबडी चालते, वाटण आणि दही सोडून. शाकाहारी माणसाची खरी पंचाईत होते, कारण आपले शाकाहारी जेवण धान्य आणि डाळीवर उभे आहे. तुपात परतलेले पनीर आणि सोबत लसणाच्या फोडणीतला थोडा पालक हा एक मार्ग आहे. मात्र पनीरमध्येही दुधाची थोडी साखर उरते, म्हणून किती खायचे हे आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. जे अंडी खात नाहीत त्यांना लांब उपास जास्त भरवशाचा पडतो. तपासणी सकाळी ११ वाजता असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळी ५च्या आधी शेवटचा घास, आणि त्या दिवसाचे जेवणही पोळी-भाताविना.

आता सर्वांत घातक गैरसमज. ‘उद्या उपाशी या’ असे सांगितले की आपल्याकडे ‘उपास’ ऐकू येतो, आणि घरी साबुदाण्याची खिचडी होते. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. कोरड्या १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदके असतात. भगर, रताळे, केळे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू यांनीही तपासणी वाया जाते. इथे उपाशी म्हणजे तोंडात पाण्याशिवाय काही नाही. पाणी मात्र भरपूर प्यावे. निर्जळी नको, कारण किरणोत्सर्गी द्रव्य लघवीवाटे बाहेर पडते.

लपलेली साखरही मोजावी लागते. खोकल्याचे सिरप, चघळायच्या गोळ्या, बडीशेपेवरची खडीसाखर, प्रसादाचा पेढा यांतून ती नकळत जाते. रुग्ण वॉर्डात दाखल असेल तर सलाइनची बाटली तपासावी. त्यात डेक्स्ट्रोज असेल तर बारा तासांचा उपास शिरेतून मोडलेला असतो, आणि हे वाटते त्यापेक्षा जास्त घडते. आदल्या दिवशी धावणे, जिम, जड कामही टाळावे.

मधुमेह असेल तर या आहाराचा निर्णय स्वतः घेऊ नये. इन्सुलिन हृदयाची साखरेची दारे उघडते, पण ते मनाने बंद करणे धोक्याचे, टाइप १ मधुमेहात तर जिवावरचे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या हृदय कमजोर असलेल्या पुष्कळ रुग्णांना चालू असतात. या गोळ्या, बिनकर्बोदकाचा आहार आणि लांब उपास एकत्र आले तर साखर फारशी न वाढताही रक्तात घातक प्रमाणात किटोन साचू शकतात. तपासणीची तारीख ठरतानाच या गोळ्यांचे नाव डॉक्टरांना सांगावे, म्हणजे त्या कधी थांबवायच्या आणि कधी सुरू करायच्या हे ते ठरवतील.

आदल्या दिवशी सकाळपासून तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट कागदावर लिहून न्यावी. तो कागद चित्र वाचणाऱ्या डॉक्टरांच्या फार कामाचा असतो. चुकून काही खाल्ले असेल तर इंजेक्शनच्या आधी सांगावे. तारीख पुढे जाईल एवढेच. न सांगता केलेल्या तपासणीने किरणोत्सर्ग, पैसे आणि निदान, तिन्हींचे नुकसान होते.

तपासणीच्या दिवशी

रक्तातली साखर तपासून एफडीजी टोचतात, सहसा ५ ते १० मिलिक्युरी. त्यानंतर ६० ते ९० मिनिटे शांत पडून राहायचे. मग हृदयाचे वेगळे चित्र आणि डोक्याच्या तळापासून मांडीपर्यंत शरीराचे दुसरे चित्र काढतात. दुसरे चित्र का लागते ते पुढे येईल. १० मिलिक्युरीला किरणोत्सर्ग सुमारे ७ मिलिसिव्हर्ट होतो, शिवाय पेटसोबत होणाऱ्या सीटी स्कॅनचा थोडा. गर्भारपणाची शक्यता असेल तर आधीच सांगावे.

याच्या जोडीला विश्रांतीतल्या रक्तपुरवठ्याचे चित्रही काढतात. त्यासाठी अमोनियातला नायट्रोजन-१३ उत्तम, पण त्याचे अर्धायुष्य १० मिनिटे. ते द्रव्य बनवणारे यंत्र, सायक्लोट्रॉन, शेजारीच हवे. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी टेक्निशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य टोचून काढलेले साधे स्पेक्ट चित्र वापरतात. जिथे रक्त कमी पोचते आणि साखर जास्त ओढली जाते, तिथे दाहाने स्नायू दुखावला आहे असा अर्थ निघतो. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलने २०१४ मध्ये ११८ रुग्णांचा अभ्यास मांडला. ज्यांच्यात या दोन्ही खुणा होत्या त्यांना जीवघेणी लय किंवा मृत्यू यांचा धोका, दोन्ही चित्रे निर्दोष असलेल्यांच्या सुमारे चौपट दिसला.

दोन चित्रे एकमेकांवर ठेवल्यावर

न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधल्या गटाने २०१८ मध्ये २५ रुग्णांची एमआरआय आणि पेट एकाच मशीनमध्ये, एकाच वेळी केली आणि रुग्ण चार गटांत विभागले. वेगवेगळ्या मशीनवर काढलेली चित्रे वाचतानाही हीच मांडणी उपयोगी पडते.

डाग आणि धग एकाच जागी असतील तर आजार चालू आहे. दाह शमवणाऱ्या औषधांचा फायदा होण्याची शक्यता इथेच सर्वांत जास्त.

डाग आहे पण धग नाही, म्हणजे विझलेली जागा. इथे स्टेरॉइड देऊन डाग जात नाही, फक्त साखर, वजन आणि हाडांचा त्रास वाढतो. पण ‘दाह नाही’ हे ऐकून निश्चिंतही होऊ नये. व्रणाभोवती वीज गोल फिरू लागली की घातक लय सुरू होते, त्यामुळे शॉक देणाऱ्या आयसीडी उपकरणाचा विचार या गटातही करावा लागतो. डाग किती मोठा आहे यावर बरेच ठरते.

दोन्ही नसतील तर हृदयात आजार असण्याची शक्यता फार कमी उरते.

चौथा गट सर्वांत फसवा: धग आहे, डाग नाही. त्या अभ्यासात सुमारे एक-तृतीयांश रुग्ण या गटात होते, आणि बहुतेकांची धग खोटी मानली गेली. नुसता पेट केला असता तर त्यांच्यावर सार्कॉइडचा शिक्का बसण्याचा धोका होता. सगळे हृदय सारखेच उजळले असेल तर तयारी फसली असे समजावे. फक्त बाजूची भिंत उजळली, तिथे रक्तपुरवठा नीट आहे आणि एमआरआय स्वच्छ आहे, तर ती बहुधा निरोगी स्नायूचीच लकब. अगदी कोवळा दाह, ज्याने अजून डाग पाडलेला नाही, असाही दिसू शकतो, पण ते ठरवायला काटेकोर तयारी करून पुन्हा तपासणी करणे हाच मार्ग.

दोन्ही खरे असूनही नाव चुकू शकते. डेस्मोप्लाकिन या जनुकातल्या दोषाने होणारा स्नायूचा आजार अधूनमधून भडकतो आणि तेव्हा डागही दिसतो, धगही. घरात कुणी तरुणपणी अचानक गेले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

क्षय की सार्कॉइड

भारतात खरा पेच हा आहे. पेटवर क्षयाची गाठही उजळते, सार्कॉइडचीही. २०११ मध्ये हैदराबादच्या डॉक्टरांनी असे रुग्ण मांडले होते: हृदयाचा पंप चांगला, पण ठोके घातक वेगाने धावणारे आणि छातीतल्या लसिकाग्रंथी सुजलेल्या. तपासणीत ग्रॅन्युलोमा निघाले, काहींत क्षयाचे, काहींत सार्कॉइडचे. उपचार एकमेकांच्या विरुद्ध दिशेचे आहेत. क्षय असताना नुसते स्टेरॉइड दिले तर जंतूंना मोकळे रान मिळते.

पूर्ण शरीराचे पेट चित्र इथे कामी येते. हृदयातला तुकडा घेणे अवघड, पण उजळलेली ग्रंथी छातीत श्वासनळीशेजारी किंवा मानेत असेल तर तिथून नमुना घेणे बरेच सोपे. श्वासनळीतून सोनोग्राफीची दुर्बीण घालून सुईने तो घेतात. नमुना दोन बाटल्यांत जायला हवा: एक फॉर्मलिनची, सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरी साध्या निर्जंतुक सलाइनची, सीबीनॅट (क्षयजंतूंचे जनुक शोधणारी चाचणी) आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून पाहण्यासाठी). सगळा नमुना फॉर्मलिनमध्ये गेला तर जंतू मरतात आणि कल्चर करता येत नाही. द्रव माध्यमातल्या कल्चरचा नकारात्मक निकाल पक्का होण्यास ६ आठवडे लागतात. नातेवाईकांनी नमुना प्रयोगशाळेत नेताना ‘दोन बाटल्या आहेत ना?’ एवढे विचारले तरी पुष्कळ होते.

घाई आणि धातू

स्टेरॉइड आधी आणि पेट नंतर, असा उलटा क्रम झाला तर धग विझलेली दिसते आणि आजार नव्हताच असे वाटते. रुग्ण स्थिर असेल तर चित्र आधी काढावे. अपवाद एकच, पण मोठा: हृदय दिवसागणिक ढासळत असेल, रक्तदाब टिकत नसेल, तर पेटची तारीख आणि आहार यांची वाट पाहत बसू नये. जायंट सेल मायोकार्डायटिस अशा वेगाने जातो, आणि तिथे तातडीने स्नायूचा तुकडाच घ्यावा लागतो.

हार्ट ब्लॉकसाठी पेसमेकर बसवायचा असेल आणि वेळ असेल, तर एमआरआय आधी उरकावा. आजचे बहुतेक पेसमेकर एमआरआयला चालतात, पण डाव्या छातीतला आयसीडीचा डबा चित्रात हृदयाच्या पुढच्या भागावर काळी सावली टाकतो. पेटमध्ये धातूची वेगळीच खोड आहे. शरीरात अडलेल्या किरणांची भरपाई म्हणून सीटीच्या आधारे चित्रात दुरुस्ती करतात; ती धातूच्या तारेभोवती जास्त होते आणि तिथे खोटा उजळ ठिपका येतो. दुरुस्ती न केलेले चित्र शेजारी ठेवून पाहिले की तो उघडा पडतो.

पेट आणि एमआरआय एकाच वेळी करणारी मशीन देशात मोजक्याच जागी आहेत. त्यासाठी अडून बसायचे कारण नाही. वेगवेगळ्या दिवशी काढलेली चित्रे संगणकावर जुळवता येतात. फक्त मधे उपचार सुरू झालेला नसावा आणि अंतर काही दिवसांचेच असावे. महिनाभराने काढलेला पेट वेगळ्याच आजाराचे चित्र असू शकतो.

उपचार सुरू झाल्यावर सहसा ३ ते ६ महिन्यांनी पेट पुन्हा करतात. धग किती उतरली यावर स्टेरॉइड कमी करायचे की दुसरे औषध जोडायचे हे ठरते. बरे वाटते म्हणून गोळ्या एकदम थांबवू नयेत. दुसऱ्या खेपेला आहार, उपासाचे तास आणि शक्यतो मशीनही पहिल्यासारखेच ठेवावे. पहिल्या वेळी अंडी-तूप आणि दुसऱ्या वेळी साबुदाणा असेल तर तुलना कशाची कशाशी करणार? सोबत जुन्या तपासणीची सीडी न्यावी, कारण नुसत्या छापील अहवालावरून ठिपका वाढला की घटला हे कुणालाच सांगता येत नाही.